पाथरीच्या गिटारीची सोयरीक

पेडगावात जॅझ वाजवणारा माणूस एकच आहे आणि तो मी. ही फुशारकी नाही, कारण गावाच्या लेखी तो एकसुद्धा जास्तच आहे. रस्त्याला लागून माझं खता-बियाण्याचं दुकान आणि दुकानामागं घर. पोरं शिकायला लातूरला, त्यामुळं घरात मी आणि बायको. गिऱ्हाईक नसलं की गल्ल्याला टेकवलेली गिटार उचलायची आणि वाजवत बसायचं. जॅझ म्हणजे काय हे गावाला समजावून सांगायचा मी आधी लय प्रयत्न केला. "चाल ठरलेली असते, पण ती ठरल्यासारखी वाजवायची नसते," असं एकदा एका शेतकऱ्याला सांगितलं. तो युरियाच्या पोत्यावर बसून शांतपणे म्हणाला, "म्हंजी चुकायचं, पण मुद्दाम." त्या दिवसापासून मी समजावणं बंद केलं.

माझी गिटार लाल रंगाची आणि भरीव लाकडाची. बायको तिला 'फळी' म्हणते. फळी वाईट नाही, पण तिच्यावर जॅझ वाजवायचं म्हणजे ज्वारीच्या पिठाची पुरणपोळी लाटण्यासारखं आहे. लाटता येते, पण आपणच मान खाली घालून खायची. जॅझची खरी गिटार वेगळी असते. पोट पोकळ, पुढची बाजू कमानीसारखी फुगीर, दोन्ही अंगाला व्हायोलिनला असतात तशी वळणदार भोकं, आणि रंग मधासारखा. अशी गिटार घ्यायची म्हणून मी कॉलेजात असल्यापासून झुरत होतो. मध्ये लग्न झालं, पोरं झाली, केस गेले, झुरणं काही गेलं नाही.

झुरणारा मी एकटा नव्हतो. मोबाईलवर आमचा मराठवाड्यातल्या जॅझवाल्यांचा ग्रुप आहे. सगळे मिळून एका जीपमध्ये मावतील, तरी रोज भांडणं. सकाळी लोक देवाचे फोटो टाकतात, आमच्यातले नांदेडचे हाडाचे डॉक्टर गिटारीचे टाकतात. त्यांच्याकडं इतक्या गिटारी आहेत की बायकोपासून दोन दवाखान्यात लपवल्यात. लातूरचे एक क्लासवाले दर वर्षी जुनी विकून नवी घेतात आणि लगेच जुनीसाठी रडतात. मी एवढ्या वर्षांत एक गोष्ट शिकलो. जो जास्त वाजवतो त्याची गिटार साधी, जो कमी वाजवतो त्याची भारी, आणि जो अजिबात वाजवत नाही त्याच्या गिटारीला स्वतंत्र खोली असते.

एकदा रात्री जेवताना मी मोबाईल बघत होतो. बायकोनं विचारलं, "कोण हाय ती?" मी फोटो दाखवला. तिनं निरखून बघितलं आणि मोबाईल परत दिला. "बाई असती तर भांडता तरी आलं असतं," म्हणाली. "ह्याच्यावर काय बोलावं माणसानं?"

आता मूळ गोष्टीवर येतो. आमचं एक जुनं गिऱ्हाईक आहे, त्यांना सगळं गाव मामा म्हणतं. मामा कापसाचं बियाणं न्यायला आले आणि माझ्या हातातल्या फळीकडं बघून म्हणाले, "आसलंच एक पाथरीला हाय. माझ्या बहिणीच्या घराशेजारच्या म्हाताऱ्याकडं. पण तुमचं वाळकं हाय, त्यांचं पोटुशी हाय."

मी गिटार खाली ठेवली. "पोटुशी म्हणजे? फुगीर? पोकळ?"

"आता मी काय हात लावून बगितला का? दिसायला पोटुशी हाय, एवढं खरं."

दुसऱ्याच दिवशी बायकोला दुकानावर बसवून मी पाथरीची एसटी धरली.

म्हातारा म्हणजे एक ताठ कण्याचे, पांढऱ्या मिशांचे काका. तरुणपणी हैद्राबादच्या हॉटेलांत, क्लबांत बँडमध्ये गिटार वाजवायचे. वडील गेल्यावर कापडाचं दुकान सांभाळायला पाथरीला परत आले, ते कायमचे. येताना बँडमधली एकच वस्तू आणली, ती गिटार. त्यांनी पेटी उघडली. तीच. मधाच्या रंगाची, कमानीची, भोकांची. ज्या जागी बोटं टेकतात तिथलं लाकूड झिजून गुळगुळीत झालेलं. मी हात पुढं केला.

"आदी धुऊन या," काका म्हणाले. "खताचा वास यायलाय."

मी साबण लावून हात धुतले आणि एकच कॉर्ड, म्हणजे चार सुरांची जुडी, छेडली. आता तुम्हाला कसं सांगू? इतकी वर्षं मी जे डोक्यात ऐकत होतो आणि हातातून निघत नव्हतं, ते त्या लाकडातून आपोआप बाहेर आलं. काकांची बोटं सांध्यांच्या दुखण्यानं आखडली होती, त्यांना आता वाजवता येत नव्हतं. "ही अशी पडून ऱ्हायली तर मरंल," ते म्हणाले. "कुणाला तरी द्यावं लागणार हाय."

आणि इथं मी माती खाल्ली. दुकानदार माणूस मी, तोंडातून सवयीनं निघून गेलं, "सांगा काका, काय भाव लावता?"

काकांनी गिटार माझ्या हातातून काढून घेतली, पेटीत ठेवली, झाकण लावलं. "नक्को," ते म्हणाले. "आमाला मूलबाळ न्हाई. ही लेक हाय माझी. लेकीचा भाव करतेत व्हय? या आता तुमी." चहा उकळत होता, त्याचा वास येत होता. तो न पिताच मला बाहेर पडावं लागलं.

घरी येऊन मी दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. मामा आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. मामा पोट धरून हसले. "आवो, तुमी बाजाराला गेल्यासारखे गेलाव. सोयरिकीला गेल्यासारखं जायाचं होतं. मधी माणूस घालावा लागतो. थांबा, मी बगतो." बहिणीकडं जायचं निमित्त काढून ते पाथरीला गेले आणि निरोप घेऊन आले, "म्हातारा म्हणलाय, आमी घर बगू, माणसं बगू, मग ठरवू. रईवारी येतेत दोघं नवरा-बायको."

मामांनी हे सगळं गंमत म्हणून केलं का मनापासून, मला अजून कळलेलं नाही. पण रविवारी आमच्या घरात खरोखर पाहुण्यांची तयारी झाली. मी इस्त्रीचा सदरा घातला. बायकोनं पोहे केले, वर खोबरं-कोथिंबीर घातली. "मुलाकडचे आपण का मुलीकडचे?" तिनं विचारलं. मी म्हटलं, आपण मुलाकडचे. "मग मी कामून राबायले?" ती म्हणाली.

काका-काकू जीपमधून उतरले आणि काकांनी दारातूनच पाहणी सुरू केली. वर स्लॅब आहे का पत्रा? आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली लाकूड तडकतं. स्लॅब आहे म्हटल्यावर ते भिंतींना हात लावून ओल बघत फिरले. बियाण्याचं दुकान म्हणजे उंदीर असणारच, त्याचं काय? औषधाचे डबे कुठं ठेवता? ठेवायची जागा कोणती? बायकोनं देवघराशेजारचं कपाट उघडून दाखवलं. काकांनी कपाटात डोकं घालून वास घेतला. मग मला समोर बसवून म्हणाले, "बोटं दाखवा." मी दोन्ही हात पुढं केले. माझ्या लग्नाच्या वेळीसुद्धा कुणी माझे हात बघितले नव्हते.

"व्यसन?"

"जॅझ," मी म्हणालो. काका पहिल्यांदा हसले.

मग वाजवून दाखवायला लावलं. फळी मांडीवर घेतली. दाराशी मामा उभे, त्यांच्यामागं रस्त्यावरचे दोघं-तिघं गिऱ्हाईक. मी वाजवलं. एका ठिकाणी अडखळलो, तिथं मुद्दामच चुकल्यासारखं केलं. काका म्हणाले, "ते मुद्दाम नव्हतं." मी म्हटलं, नव्हतं. "बरं हाय. खोटं बोलत न्हाईत," असं ते काकूंकडं बघून म्हणाले. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात काकूंनी पोह्याची बशी खाली ठेवली. इतका वेळ त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. "एक ऱ्हायलं," त्या म्हणाल्या आणि माझ्या बायकोकडं वळल्या. "हिकडं ये माय. बस. माझ्या घरात ही सवत म्हणून नांदली. ह्यांनी मला लग्नात एकदा धड बगितलं आन् हिला रोज पुसलं. मी लय राग राग केला. एकदा विहिरीत टाकायला निगाले होते, ह्यांनी पाय धरले म्हणून ऱ्हायलं. कुणालाच सुख लागलं न्हाई, ना मला ना हिला. म्हणून तुला इचारती. घर चांगलं हाय, माणूस बरा हाय. पर तुला चालतंय का? तू हो म्हणली तर हो. तू न्हाई म्हणली तर आमी उठतो."

मी बायकोकडं बघितलं, डोळ्यांनी हात जोडले. ती पदर सावरून बसली होती. "मला इचारायलाव?" ती म्हणाली.

"मग कुणाला?"

बायकोनं काकूंची बशी उचलली. मग मान वर केली आणि म्हणाली, "इचार करून कळवते."

काकूंच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मला अजिबात आवडलं नाही. पाहुणे जीपमध्ये बसून गेले आणि मी बायकोवर तुटून पडलो. अगं इचार काय करायचाय त्यात? हातातोंडाशी आलेला घास! ती बशा उचलत म्हणाली, "माझ्या टायमाला पाहुणे आले, चहा पिले, मला चालून दाखवाय लावलं, नाव लिहून दाखवाय लावलं, आन् 'कळवतो' म्हणून गेले. महिनाभर कळवलं न्हाई. माझी आई रोज दारात येऊन बगायची."

ते पाहुणे म्हणजे आम्हीच. कळवणं वडिलांच्या हातात होतं, मी नुसता चहा पिलो होतो. हे मी तिला सांगितलं. "तेच म्हणायले मी," ती म्हणाली आणि आत गेली.

मग सुरू झालं माझं झुरणं. मी सकाळी उठून तुळशीला पाणी घालायला लागलो. बाजारातून सांगितलेलीच भाजी आणायला लागलो. दुपारी तिला चहा करून दिला तर म्हणाली, "साखर जास्त हाय. आन् लाच हाय." ग्रुपवर मी सगळा किस्सा टाकला होता, तिथं तर ऊत आला. नांदेडचे डॉक्टर रोज विचारायचे, वहिनींचा निकाल लागला का? लातूरकर म्हणाले, तुम्हाला नकार आला तर स्थळ मला सांगा. मी त्यांना ग्रुपवरच शिवी घातली. मामा दुकानात आले की आधी आत वाकून बघायचे आणि मग विचारायचे, "काय, कळवलं का?" गावभर झालं. एक बाई नुसतं एवढं विचारायला आली आणि जाताना मेथीचं बी घेऊन गेली.

मला खरंच भीती वाटायला लागली होती. आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं मी. अशी गिटार पुन्हा या जिल्ह्यात सापडणार नव्हती, आणि सापडली तरी मी इतका तरुण असणार नव्हतो. एका संध्याकाळी मी बायकोला सरळ म्हणालो, "हे बघ, नको म्हणायचं असेल तर म्हण. पण म्हण. मला हे सहन होईना."

ती हात पुसत आली. माझ्याच मोबाईलवरून पाथरीला फोन लावला आणि माझ्यासमोर बसली. "काका, पेडगावहून बोलायले. आमाला पसंत हाय."

मी उडी मारणार, तेवढ्यात तिनं हात वर केला. "पर आमची एक अट हाय. पंचमीला आन् दिवाळीला ती माहेरी येणार. पर आमी आणून सोडणार न्हाई. तुमी मुराळी म्हणून यायाचं. आदल्या दिवशी यायाचं, जेवायाचं, मुक्काम करायाचा, मग न्यायाचं. रीत म्हंजी रीत."

मुराळी म्हणजे सासरी गेलेल्या लेकीला सणाला न्यायला येणारं माहेरचं माणूस. पलीकडून काकांचा घोगरा आवाज आला, "दोन्ही सणाला?"

"दोन्ही."

"येतो माय. येतो."

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "ही अट कशाला घातली? मी नेऊन सोडली असती की. म्हाताऱ्या माणसाला हेलपाटा."

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "माझा बाप गेला, भाऊ पुण्याला गेला, तवापासून ह्या दारात मुराळी आलेला न्हाई. पंचमीला गल्लीतल्या सगळ्या जातेत, आन् मी गल्ल्यावर बसती. माझ्यासाठी न्हाई तर न्हाई, कुणासाठी तरी येऊ द्या की." मला वाईट वाटलं, लय वाईट वाटलं.

गिटार आली. पाथरीहून निघताना सगळ्यात जास्त काकूच रडल्या. जिला विहिरीत टाकायला निघाल्या होत्या तिच्या पेटीला त्यांनी हळद-कुंकू लावलं, आणि मूठभर अक्षता थेट भोकांत टाकायला हात उचलला. मी दोन्ही तळहातांनी भोकं झाकली. "अक्षता माझ्या डोक्यावर टाका काकू," मी म्हणालो, आणि त्यांनी टाकल्या.

नंतरच्या दिवसांचं काय सांगू? मी दुकान उघडायचो ते गिटारीसाठी. पहिल्या दिवशी सलग वाजवत बसलो आणि मला रडू आलं. गिऱ्हाईकसुद्धा चार मिनिटं थांबायला लागलं. मामा म्हणाले, "आता चुकलेलं बी ग्वाड लागायलंय." बायको तिला फळी म्हणत नव्हती. काहीच म्हणत नव्हती, पण कपाटातला गिटार पुसायचा कपडा रोज धुतलेला असायचा.

आणि मग नागपंचमी जवळ आली आणि माझी नियत फिरली. हवा किती दमट आहे, मी म्हणालो. लाकडाला सोसणार नाही. शिवाय कपाशीला खत द्यायचे दिवस, दुकानात गर्दी, थकून आल्यावर माणसानं काय वाजवायचं? दिवाळीला एकदमच पाठवू. यंदा नवी नवी आहे, रुळू दे.

"शाब्बास," बायको म्हणाली. "सासू झालाव तुमी. माझ्या सासूबाई बी आसंच म्हणायच्या."

आदल्या दिवशी काका आले. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, हातात पिशवी. दारात उभे राहून, एकदम परक्यासारखे म्हणाले, "पेडगावकर, लेकीला न्यायला आलोय." बायकोनं पायावर पाणी घातलं. पुरण घातलं होतं, त्यांना आग्रह करकरून वाढलं. जेवण झाल्यावर मी त्यांना वाजवून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांची आखडलेली बोटं मांडीवर हलत होती. मी मधेच दमट हवेचं काढून बघितलं. त्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

सकाळी जीप दारात आली. मी पेटी उचलून आणली, जड मनानं. काकांनी पिशवीतून हिरव्या बांगड्यांचा जोड आणि खणाचा तुकडा काढला. मला वाटलं आता ते पेटीवर ठेवतात का काय. त्यांनी तो बायकोच्या हातात दिला. "हे तुमच्या काकूनं धाडलंय. आन् तू तयार का न्हाईस अजून?"

"मी?" बायको म्हणाली.

"मग? एकीला नेतो आन् एकीला ठेवतो, आसं कुटं आसतंय? मी दोघींना न्यायला आलोय. काकूनं झोका बांदून घेतलाय."

बायकोनं खण-बांगड्या छातीशी धरल्या. मग आत पळाली. खरंच पळाली, तिला मी असं कधी बघितलं नव्हतं. मी तिच्यामागं गेलो. अगं सणाचं मी एकटा काय करू? पंचमीला चिरायचं नसतं, तवा ठेवायचा नसतो, मग मी खायचं काय?

"लाह्या खा," ती पिशवीत लुगडं कोंबत म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

जीपमध्ये काका एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला, मधी पेटी. मी खिडकीशी वाकून म्हणालो, "जपून जा."

"कुणाला म्हणायलाव?" तिनं विचारलं. "मला का हिला?"

"तुला," मी म्हणालो. खरं सांगतो, त्या वेळी मी तिलाच म्हणालो होतो.

जीप पाथरीच्या रस्त्याला लागली. मी वळणापर्यंत बघत उभा होतो. माहेरी निघालेली बाई ती, तिनं एकदासुद्धा मागं वळून बघितलं नाही.